शू झाली, ओकारी झाली, टेंगूळ आलं: वर्गात आधी काय करायचं, मग काय

तीन ते सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात आठवडा कोरडा जात नाही. कुणाची चड्डी ओली होते, कुणाचा घोळणा फुटतो, कुणी कुणाला चावतं. यातल्या बहुतेक गोष्टींवर काय करायचं हे शिक्षकांना ठाऊक असतं. चुकतो तो क्रम. हात आधी फडक्याकडे जातो, नाहीतर तोंडातून आधी ‘कसं झालं? कुणी केलं?’ बाहेर पडतं. तेवढ्या वेळात वीस मुलं भोवती गोळा होतात, दोघं त्या ओल्यातून चालून जातात आणि ज्याचं झालं ते मूल खाली मान घालून थिजून बसतं.

क्रम असा आहे: धोका, बाकीची मुलं, ते मूल, जागा, नोंद, पालक. जागेचा नंबर चौथा आहे, कारण फरशी पाच मिनिटं थांबू शकते.

टप्पा १: तयारी

प्रसंग घडल्यावर कपाटाची किल्ली शोधायची वेळ आली, तर तयारी झालीच नव्हती. वर्गात तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा. तिन्ही मुलांच्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंच हव्यात, पण कुलपात नकोत.

*सफाईची बादली.* पंचवीस मुलांच्या वर्गासाठी वापरून फेकायच्या हातमोज्यांच्या १० जोड्या (नायट्राइलचे घ्या, लेटेक्सची काहींना ॲलर्जी असते), कागदी रुमालांची दोन मोठी गुंडाळी, जुन्या सुती कापडाचे १० तुकडे, जाड प्लास्टिकच्या १५ पिशव्या, ओकारी-शीचा घट्ट भाग उचलायला पुठ्ठ्याचे ५-६ तुकडे आणि साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली. ब्लीचची बाटली मात्र इथे ठेवू नका. ती कुलपातच हवी, आणि त्या कुलपाची किल्ली कुठे असते हे दोन मोठ्या माणसांना माहीत हवं.

*प्रथमोपचाराची पेटी.* निर्जंतुक गॉझ, दोन मापांच्या चिकटपट्ट्या, गुंडाळायचं बँडेज, गोल टोकाची कात्री, सलाइनच्या छोट्या बाटल्या, टॉर्च, थंड शेकाची पिशवी (ती फ्रीजमध्ये) आणि ती गुंडाळायला पातळ कापड. कापूस ठेवू नका, त्याचे तंतू जखमेला चिकटतात. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक यादी लावा: कुणाला कशाची ॲलर्जी, कुणाला दमा, कुणाला फिट्स येतात आणि प्रत्येक घरचे दोन फोन नंबर.

*कपडे.* प्रत्येक मुलाचा नाव घातलेला एक जोड, शिवाय वर्गाचे म्हणून चार-पाच जोड. वर्गाचे कपडे एक माप मोठे, इलास्टिकचे आणि साध्या रंगाचे घ्या. ‘मुलीची चड्डी घालणार नाही’ हा वाद ऐन वेळी नको असतो. मोजे सगळेच विसरतात, ते आवर्जून ठेवा. दर तीन महिन्यांनी पिशव्या उघडून मापं पाहा. वर्षाच्या सुरुवातीला आलेली चड्डी सहा महिन्यांनी गुडघ्यातच अडकते.

दोन गोष्टी कागदावर हव्यात: कपडे बदलायला आणि साधा प्रथमोपचार करायला पालकांची लेखी संमती, आणि मदतीला कोण येणार याचं ठरलेलं उत्तर. शेजारच्या वर्गाशी लाल कार्ड ठरवून ठेवा. दोन मुलं कार्ड घेऊन गेली की एक मोठं माणूस येतं. निरोप पाठवला तर तो दारापाशी पोहोचेपर्यंत बदललेला असतो, कार्ड बदलत नाही.

तपासणी: मुलं घरी गेल्यावर घड्याळ लावून पाहा. बादली काढून हातमोजे घालायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त लागत असेल, तर जागा चुकली आहे.

टप्पा २: पहिलं मिनिट

१. धावू नका. वेगाने चाला. तुम्ही धावलात की सगळा वर्ग उभा राहतो.

२. चालता चालता तीन गोष्टी बघा. श्वास नीट आहे का, रक्त किती आहे, मूल शुद्धीवर आहे का. रडणारं मूल श्वास घेत असतं, त्यामुळे रडण्याला घाबरू नका. काळजी गप्प मुलाची करायची. घशाला हात, तोंड उघडं, पण खोकला नाही आणि आवाजही नाही असं दिसलं, तर काहीतरी अडकलं आहे. हा छोटा प्रसंग राहिला नाही. मुलाला पुढे वाकवून खांद्याच्या दोन पात्यांमध्ये तळहाताच्या टाचेने ५ जोरदार थापा, तरी न निघाल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर ५ वेळा आत-वर दाब, आणि अडकलेलं निघेपर्यंत हेच आलटून पालटून. त्याच वेळी दुसऱ्याने तातडीची मदत बोलवायची. हे वाचून येत नाही. याचं प्रशिक्षण प्रत्यक्ष घ्या.

३. धोका नसेल तर बाकीच्या मुलांना एक काम द्या. ‘इकडे येऊ नका’ म्हटलं की येतातच. ‘सगळे खिडकीपाशी बसा आणि मोठ्याने पन्नासपर्यंत मोजा’ म्हटलं की जातात.

४. ओल्या जागेवर एक खुर्ची आडवी ठेवा. एवढ्याने घसरणं टळतं आणि तुमचे हात मोकळे राहतात.

५. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर या आणि एकच वाक्य बोला: ‘झालं ना? चल, नीट करू.’ ‘का’ आणि ‘कसं’ नंतर.

टप्पा ३: शू आणि शी

सगळ्यात जास्त वेळा घडणारा आणि सगळ्यात वाईट हाताळला जाणारा प्रसंग हाच, म्हणून इथे जरा थांबू.

१. मुलाला वर्गातून नेताना तुम्ही त्याच्या आणि इतर मुलांच्या मध्ये चाला. हात धरा, उचलू नका. उचललं की ओले कपडे सगळ्यांना दिसतात.

२. आधी कमोडवर किंवा भांड्यावर बसवा, कपडे नंतर. घाबरलेलं मूल मधेच आवरतं, मूत्राशय अर्धंच रिकामं झालेलं असतं. हा टप्पा गाळला की कोरडी चड्डी दहा मिनिटांत पुन्हा ओली. ‘आत्ताच तर बदललं!’ हा वैताग बहुतेक वेळा इथूनच येतो.

३. बूट-मोजे आधी काढा, मग खालचे कपडे. उलट केलं तर ओली चड्डी बुटांत अडकते आणि मूल तोल जाऊन पडतं. मुलाला जेवढं जमतं तेवढं त्यालाच करू द्या, तुम्ही फक्त शब्द पुरवा. दार लोटलेलं ठेवा, बंद नको, आणि दुसरं मोठं माणूस हाकेच्या अंतरावर असू द्या. यात मुलाची सुरक्षितता आहे, तुमचीही.

४. ओल्या मऊ कापडाने पुसा, नेहमी पुढून मागे. मग कोरडं करा. मांड्यांच्या घडीत ओल राहिली की दुपारपर्यंत कातडी लाल होते.

५. ओले कपडे एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, दोन्हींना गाठ. शी असेल तर घट्ट भाग संडासात झटकून टाका, पण कपडे शाळेत धुऊ नका. धुताना उडणाऱ्या थेंबांनी बेसिन आणि तुमचे कपडे दोन्ही खराब होतात. आणि पिशवी दप्तराच्या बाहेर लटकवू नका. ती दिवसभर सगळ्यांना गोष्ट सांगत राहते.

६. मुलाने आणि तुम्ही साबणाने २० सेकंद हात धुवा. हातमोजे घातले होते तरीही.

७. मुलाला वर्गात परत आणताना आधीच सुरू असलेल्या कामात बसवा. सगळे गप्प बसून वाट बघत असतील, तर दारातून आत येणं ही शिक्षाच.

मग फरशी. कागदाने टिपून घ्या, साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडी करा, आणि हवं असेल तर शेवटी जंतुनाशक.

सावध: लघवीवर थेट ब्लीच ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याची क्रिया होऊन घसा-डोळे जाळणारा वायू सुटतो. आधी टिपणं आणि धुणं, ब्लीच नंतर. ॲसिडच्या क्लीनरमध्येही ते कधी मिसळू नका.

इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. ‘एवढा मोठा झालास आणि…’ ही पहिली. वर्गाच्या या टोकावरून ‘कुणी शू केली?’ विचारणं ही दुसरी. मोठ्या वर्गातल्या भावंडाला बोलावून आणणं ही तिसरी. त्या भावंडाने काय गुन्हा केला? काही जण लगेच तिथे ग्लासभर पाणी सांडतात, म्हणजे ‘पाणी सांडलं’ म्हणता येतं. हेतू चांगला आहे, पण पुसायचं दुप्पट होतं, आणि ही लपवायची गोष्ट आहे हे मुलाला कळतं. साधं ‘ओलं झालंय, पुसू’ पुरतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे पाणी कमी पाजणं. कमी पाण्याने लघवी गडद होते, मूत्राशयाला टोचते आणि घाई वाढते. वर बद्धकोष्ठता होते. कडक शी साठली की ती मूत्राशयावर दाबते. रोज ओलं होणाऱ्या मुलाबाबत पालकांना विचारायचा पहिला प्रश्न ‘शी रोज होते का, कडक होते का?’ हा आहे.

प्रसंग कमी करायचे असतील तर मुलाला ‘लागली का?’ विचारू नका. खेळात रमलेलं मूल ‘नाही’ म्हणतं आणि दोन मिनिटांनी होते. पायांची तिढी, एका पायावर नाचणं, हाताने धरणं दिसलं की ‘चल, जाऊन येऊ’. शिवाय सगळ्यांना साधारण दर दोन तासांनी, आणि खेळायला जाण्याआधी न चुकता. मग एकदा संडासात स्वतः मुलाच्या उंचीवर बसून बघा. अंधार आहे? कडी घट्ट आहे? पाय लोंबकळतात? पाय टेकले नाहीत तर मुलाला नीट मोकळं होता येत नाही, एक लाकडी पाट किंवा चौरंग बरंच काम करतो.

तपासणी: कित्येक महिने कोरडं राहिलेलं मूल अचानक रोज ओलं होऊ लागलं, लघवीला जळजळ सांगू लागलं, किंवा सारखं पाणी पिऊ लागलं, तर ती सवयीची बाब नाही. त्याच दिवशी पालकांशी बोला आणि डॉक्टरांना दाखवायला सांगा.

टप्पा ४: ओकारी

इथे क्रमात एक बदल आहे. बाकीची मुलं खोलीच्या दुसऱ्या टोकाला नाहीत, शक्य असेल तर खोलीबाहेरच. ओकारीचे बारीक थेंब दोनेक मीटरपर्यंत उडतात, आणि पोटाच्या काही विषाणूंना पसरायला तेवढं पुरतं.

१. मूल बसलेलंच राहू द्या, पुढे झुकलेलं. आडवं करू नका. पिशवी किंवा बादली पुढे धरा.

२. थांबल्यावर तोंड पुसा, चूळ भरायला लावा. पाणी लगेच पाजू नका. १०-१५ मिनिटांनी एकेक घोट.

३. सहज विचारल्यासारखं विचारा: ‘आज कुठे पडलास का? डोकं आपटलं का?’ डोक्याला लागल्यानंतरची ओकारी वेगळी असते. ती पोटाची नसते. हिरवी किंवा रक्त असलेली ओकारीही थेट डॉक्टरांकडे.

४. हातमोजे घाला, खिडक्या उघडा. ओकारी कागदाने पूर्ण झाका, मग पुठ्ठ्याने कडेकडून मध्याकडे गोळा करा. मध्यापासून बाहेर पुसलं की डाग दुप्पट होतो. झाडू वापरू नका, तो एका वर्गातलं दुसऱ्या वर्गात नेतो.

५. साबणाच्या पाण्याने धुवा. मग ब्लीचचं पाणी: बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल तर १०० मिलिलिटर ब्लीच आणि ९०० मिलिलिटर साधं थंड पाणी. पसरा, १० मिनिटं ओलं राहू द्या, पुसा, पाण्याने धुवा. बहुतेक जण दहा मिनिटं थांबत नाहीत, लगेच पुसतात आणि मग नुसता वास राहतो. हे पाणी त्याच दिवशी करायचं, कालच्याचा जोर उतरलेला असतो.

६. आजूबाजूच्या दोन मीटरमधली खेळणी आणि टेबलांच्या कडा पुसा. त्यासाठी सौम्य पाणी चालतं: २० मिलिलिटर ब्लीच, ९८० मिलिलिटर पाणी. तोंडात जाणारी खेळणी नंतर साध्या पाण्याने धुवा.

७. हात साबणानेच धुवा. अल्कोहोलचा सॅनिटायझर पोटाच्या सगळ्या विषाणूंवर चालत नाही.

मूल घरी जातं. शेवटच्या ओकारीनंतर ४८ तास शाळेत नको. हे पालकांना पहिल्याच फोनमध्ये सांगा, दुसऱ्या दिवशी दारात नको. अपवाद एकच: खूप रडून किंवा खोकून एकदाच ओकारी झालेलं आणि नंतर हसत-खेळत असलेलं मूल. तिथेही फोन करायचाच.

टप्पा ५: रक्त आणि टेंगूळ

*खरचटणं.* हात धुवा, हातमोजे घाला, वाहत्या पाण्याखाली माती जाईपर्यंत धुवा. रक्त येत असेल तर गॉझ ठेवून ५ मिनिटं सलग दाबा. दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघितलं की साकळलेलं रक्त पुन्हा सुटतं. भुकटी, लेप, टूथपेस्ट काही नको.

*घोळणा फुटणं.* जवळजवळ सगळे इथे चुकतात. मान मागे टाकू नका. रक्त घशात उतरतं, पोटात जातं आणि मग ओकारी होते. मुलाला बसवा, पुढे वाकवा, नाकाचा हाडाखालचा मऊ भाग चिमटीत धरा आणि १० मिनिटं सोडू नका. घड्याळ बघा, अंदाज नको. तोंडाने श्वास घ्यायला सांगा, तोंडात आलेलं थुंकायला सांगा. कापूस कोंबू नका. न थांबल्यास आणखी १० मिनिटं. तरीही वाहत असेल तर डॉक्टर. थांबल्यावर त्या दिवशी पळापळी आणि नाक शिंकरणं बंद.

*टेंगूळ.* थंड पिशवी कापडात गुंडाळून १० मिनिटं, थेट बर्फ कातडीवर नको. रडणाऱ्या मुलाला ती स्वतःच धरू द्या, तुम्ही दाबलीत तर तो ढकलतो. डोक्याला लागलं की कितीही किरकोळ वाटलं तरी पालकांना त्याच वेळी कळवायचं.

सावध: क्षणभर शुद्ध हरपणं, पुन्हा पुन्हा ओकारी, वाढत जाणारी डोकेदुखी, गोंधळलेलं बोलणं, न उठणारी झोप, दोन बाहुल्यांचा वेगवेगळा आकार, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव: यातलं एकही दिसलं तर तातडीची मदत. स्वतःच्या उंचीपेक्षा वरून पडलेल्या मुलाला लक्षणं नसली तरी एकटं सोडू नका, पालकांना बोलवा.

टप्पा ६: चावा

आधी ज्याला चावलं त्याच्याकडे जा. बहुतेक शिक्षक चावणाऱ्याकडे वळतात, आणि सगळं लक्ष त्यालाच मिळतं. चावलेली जागा साबण-पाण्याने ५ मिनिटं धुवा. कातडी फाटलेली नसेल तर थंड शेक पुरतो. फाटली असेल तर झाका आणि डॉक्टरांना दाखवायला सांगा, माणसाचा चावाही चिघळतो. तोवर दुसऱ्या मोठ्या माणसाने चावणाऱ्याला शेजारी बसवून ठेवावं. त्याच्याशी नंतर, दोनच वाक्यं: ‘चावलं की दुखतं. खेळणं हवं असेल तर मला द्या म्हणायचं.’ ‘तुलाही चावून दाखवू का?’ ही धमकी काहींना अजून उपाय वाटते. तिने फक्त एवढंच शिकवलं जातं की मोठ्यांनी चावलं तर चालतं.

कोण चावलं ते दुसऱ्या पालकांना सांगायचं नाही. मुलं सांगतीलच, पण तुमच्या तोंडून नको.

टप्पा ७: बाकीचं, थोडक्यात

*नाकात मणी.* चिमटा घालू नका, तो आत सरकतो. मोकळी नाकपुडी बंद करून, तोंड मिटून, एकदा जोरात शिंकरायला सांगा. जमलं तर जमलं, नाहीतर डॉक्टर. चकतीसारखी छोटी बॅटरी असेल किंवा शंका असेल, तर एक मिनिटही नको. नाकात असो की गिळताना अन्ननलिकेत अडकलेली, दोन तासांतच आतून भाजायला लागते.

*डोळ्यात वाळू.* चोळू देऊ नका. स्वच्छ पाणी किंवा सलाइन नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या कोपऱ्याकडे सोडा.

*बोट दारात.* १० मिनिटं थंड पाण्यात. वाकवता येत नसेल, वाकडं दिसत असेल किंवा नख उचकटलं असेल, तर डॉक्टर.

*दात.* हलणारा दुधाचा दात पडला तर गॉझ चावायला द्या, दात पाकिटात घालून घरी द्या. आपटून पडलेला दुधाचा दातही परत बसवत नाहीत. सहा-सात वर्षांच्या मुलाचा पुढचा दात मात्र पक्का असू शकतो. तो मुळाला हात न लावता पांढऱ्या भागाने धरा, थंड दुधात टाका आणि अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचवा. पाण्यात ठेवू नका.

टप्पा ८: नोंद आणि पालक

नोंद त्याच दिवशी, मुलं जाण्याआधी. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, काय केलं, कोण हजर होतं, पालकांना किती वाजता कळवलं. जे पाहिलं नाही ते ‘मुलांनी सांगितलं’ असं लिहा. ‘मस्ती करताना पडला’ ही नोंद नाही, तो निकाल आहे. ‘१०.४० ला घसरगुंडीच्या पायथ्याशी, उजव्या कपाळाला २ सेंटिमीटर टेंगूळ, १० मिनिटं थंड शेक, शुद्धीवर, ११.०० ला आईला फोन’ ही नोंद.

फोनवर पहिलं वाक्य मूल आता कसं आहे याचं हवं. ‘अहो, जरा एक झालंय…’ म्हणून थांबलात की पलीकडच्याचा जीव खालीवर होतो. ‘तो ठीक आहे, माझ्याजवळ बसलाय. कपाळाला टेंगूळ आलंय’ असं सुरू करा. शू-शीबद्दल दारात, इतर पालकांसमोर, मुलाच्या डोक्यावरून बोलू नका. बंद पाकिटात चार ओळी पुरतात, आणि त्यांतली एक ‘धुतलेला जोड उद्या परत पाठवा’ ही असते.

मुलं गेल्यावर पेटी उघडा. वापरलेलं भरा, थंड पिशवी परत फ्रीजमध्ये ठेवा, वर्गाच्या कपड्यांतला एक जोड कमी आहे ते पाटीवर लिहा.